हललेला, अंधुक, धूसर, पुसट : प्रवासातल्या फोटोंचा तपशील कुठे हरवतो?

फोटो नीट आला नाही, हे सांगायला मराठीत निदान चार शब्द सहज वापरले जातात. फोटो ‘हलला’, ‘अंधुक आला’, ‘धूसर आला’, ‘पुसट आला’. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी बेधडक वापरतो. छायाचित्रकारांच्या बोलीत तर या सगळ्यांना मिळून ‘सॉफ्ट’ हा एकच शब्द आहे. पण जरा थांबून पाहिले, तर या चार शब्दांतला प्रत्येक शब्द वेगळ्या बिघाडाचे वर्णन करतो. हलणे ही गतीची गोष्ट, अंधुक दिसणे नजरेची, धूसर होणे हवेतल्या धुळीची; आणि पुसट होणे म्हणजे आधी असलेले कोणीतरी पुसणे.

प्रवासाहून परतल्यावर संगणकाच्या पडद्यावर फोटो उघडून खट्टू होणारा माणूस बहुधा कॅमेऱ्याला दोष देतो आणि आणखी महागड्या कॅमेऱ्याच्या चौकशीला लागतो. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : या फोटोतला तपशील नेमका कुठल्या टप्प्यावर हरवला? काही टप्प्यांवर हरवलेला तपशील थोडाफार परत मिळवता येतो, काही टप्प्यांवर तो कायमचा जातो. हा फरक कळला, की पुढच्या प्रवासात काय करायचे ते कळते. आणि हातात असलेल्या फोटोवर किती विश्वास ठेवायचा, तेही कळते.

या अभ्यासासाठी अजिंठ्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. एका दिवसाच्या सहलीत तिथे चारही प्रकार भेटतात : अंधाऱ्या लेण्यांतली भित्तिचित्रे, खांबांच्या रांगांमागचा बुद्ध, उन्हात तापलेला बेसॉल्टचा कडा, आणि वाघोरा नदीच्या घळीपलीकडच्या टेकडीवरून दिसणारी लेण्यांची नालाकृती रांग.

आधी एक भास

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला केलेला बरा. रोलच्या काळात सहलीचे फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून येत. ३६ मिलिमीटर रुंदीची फ्रेम सहा इंचांपर्यंत मोठी व्हायची, म्हणजे जवळपास चौपट. आज २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला फोटो सुमारे ६००० पिक्सेल रुंद असतो. साध्या मॉनिटरवर एका इंचात साधारण ९६ पिक्सेल मावतात. म्हणजे तो फोटो ‘शंभर टक्के’ आकारात उघडला, तर आपण सुमारे ६२ इंच, पाच फुटांहून रुंद छपाईचा तुकडा हातभर अंतरावरून पाहत असतो. एपीएस-सी आकाराचा, म्हणजे जेमतेम साडेतेवीस मिलिमीटर रुंदीचा सेन्सर असेल, तर हे मोठे करणे सुमारे ६७ पट होते.

चौपटीत न दिसलेला दोष ६७ पटीत दिसणारच. जुने फोटो अधिक रेखीव असत, असे वाटते त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे. फोटो पूर्ण पडद्यावर मावेल असा पाहिला आणि तो रेखीव दिसला, तर भिंतीवर लावायच्या मध्यम आकाराच्या छपाईला तो पुरेसा आहे. तसा पाहूनही तो मऊ वाटला, तरच पुढच्या कारणांकडे वळावे.

हललेला

जुन्या रंगांना प्रकाशाने इजा होते, म्हणून अजिंठ्यात फ्लॅश वापरायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. नाजूक रंगांच्या वस्तूंसाठी ५० लक्सच्या आसपासचा उजेड हे संग्रहालयांतले प्रचलित प्रमाण आहे. लेण्यातला उजेड तेवढाच आहे असे धरून चालू. बाहेर भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. दारातून आत दोन पावले टाकली, की उजेड दोन हजार पटींनी कमी झाला! आपल्याला तो तसा जाणवत नाही, कारण डोळ्याची बाहुली मोठी होते, दृष्टिपटल अंधाराला सरावते, आणि काही मिनिटांत रंग दिसू लागतात. कॅमेऱ्याला मात्र हा हिशेब रोखीत चुकवावा लागतो.

उन्हात एफ/४ इतके अ‍ॅपर्चर आणि १०० आयएसओ ठेवले, तर सेकंदाचा साधारण १६०० वा भाग इतका वेळ शटर उघडे राहिले तरी पुरते. लेण्यात त्याच्या दोन हजार पट वेळ लागेल, म्हणजे सव्वा सेकंद. आयएसओ १०० वरून ३२०० वर नेले, तर हा वेळ ३२ पटींनी कमी होऊन सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग उरतो. कॅमेरा ‘ऑटो’वर असला, की तो मनातल्या मनात हेच गणित करतो आणि असाच काहीतरी आकडा ठरवून मोकळा होतो.

प्रश्न हाताचा आहे. फिल्मच्या काळापासून चालत आलेला अंदाज असा, की भिंगाची नाभीय लांबी जितके मिलिमीटर, निदान सेकंदाच्या तितक्याव्या भागात फोटो उरकावा. ५० मिलिमीटरचे भिंग एपीएस-सी सेन्सरवर सुमारे ७५ मिलिमीटरसारखे वागते. म्हणजे सेकंदाचा ७५ वा भाग हवा, आणि मिळतोय पंचविसावा. या वेळात हातातला कॅमेरा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कलला, तरी प्रतिमा सेन्सरवर साडेतीन-चार पिक्सेल सरकते. एक अंश म्हणजेच किती थोडे. त्याचाही साठावा भाग श्वास घेतानाच होऊन जातो.

हललेल्या फोटोची खूण सोपी आहे. एखादा लहानसा प्रकाशबिंदू शोधावा : दिव्याचे प्रतिबिंब, ओल्या दगडावरची चमक. तो बिंदू न राहता रेघ झाला असेल, आणि फोटोभर सगळ्या रेघा एकाच दिशेने असतील, तर कॅमेरा हलला. फक्त माणसे फरफटलेली आणि भिंत स्वच्छ असेल, तर माणसे हलली. हात स्थिर करणारी यंत्रणा, जिला स्टॅबिलायझेशन म्हणतात, पहिल्या दोषावर उत्तम चालते, दुसऱ्यावर मुळीच चालत नाही. भित्तिचित्र जागचे हलत नाही, म्हणून लेण्यात ही यंत्रणा चालू ठेवावी. स्मारकांमध्ये तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. ती नसेल, तर कोपरे छातीशी टेकवून, श्वास सोडता सोडता लागोपाठ चार-पाच फोटो घ्यावेत. बटण दाबताना आणि सोडताना कॅमेरा अधिक हलतो, त्यामुळे मधला एखादा फोटो बरेचदा सर्वांत रेखीव निघतो. खांबाला वा भिंतीला मात्र टेकू नये. तिथला रंग आपल्या फोटोपेक्षा मोलाचा आहे.

अंधुक

दुसरा दोष फोकसचा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभे राहिले, की अनेक कॅमेरे ‘शोधत’ राहतात. भिंग पुढे-मागे होते आणि फोकस कुठेतरी भलतीकडेच टेकतो. स्वयंचलित फोकसला उजेड-अंधाराची ठळक सीमा लागते. चित्राचा सपाट, विटलेला, मंद उजेडातला पृष्ठभाग त्याला पकड देत नाही. शेजारच्या खांबाची कड देते. मग खांब रेखीव आणि पद्मपाणी अंधुक! हीच या दोषाची खूण : विषय मऊ असतो, पण त्याच्या पुढचे किंवा मागचे काहीतरी लख्ख असते. उपाय म्हणजे फोकसचा चौकोन स्वतः निवडून मुकुटाच्या कडेसारख्या ठळक रेषेवर ठेवणे.

अंधारात अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे लागते, त्याने अडचण वाढते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने एफ/२ वर दोन मीटरवरच्या मूर्तीवर फोकस केला, तर पुढे-मागे मिळून जेमतेम १२-१३ सेंटिमीटरचा पट्टा रेखीव येतो. बुद्धाचा चेहरा स्पष्ट येईल, पुढे आलेला हात अंधुक होईल. शिवाय बहुतेक भिंगे पूर्ण उघडी असताना कोपऱ्यांत थोडी ढिली पडतात. एक-दोन टप्पे बंद केली की सुधारतात.

हे वाचून कोणी म्हणेल, मग बाहेर भरपूर उजेड असताना अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बंदच करून टाकावे, म्हणजे जवळचा दगड आणि पलीकडचा डोंगर दोन्ही रेखीव येतील. इथे प्रकाशाचा स्वभाव आडवा येतो. बंदराच्या अरुंद तोंडातून आत शिरलेली लाट जशी पसरते, तसा लहान छिद्रातून जाणारा प्रकाशही पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे कितीही निर्दोष भिंगातून बिंदूची प्रतिमा बिंदू न येता लहानशी चकती येते. तिचे गणित जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये मांडले. हिरव्या प्रकाशासाठी एफ/५.६ ला या चकतीचा व्यास सुमारे साडेसात मायक्रॉन असतो, एफ/१६ ला साडेएकवीस. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण चार मायक्रॉनचा. म्हणजे एफ/१६ ला प्रत्येक बिंदू पाच पिक्सेलांवर पसरतो, एफ/२२ ला सातांवर. अशा फोटोत काहीच हललेले नसते, फोकसही चुकलेला नसतो, तरी सगळे सारखेच मऊ असते.

खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यांत तर २० मेगापिक्सेल अगदी लहान सेन्सरवर दाटीवाटीने बसवलेले असतात आणि पिक्सेल सव्वा मायक्रॉनच्या आसपास येतो. तिथे एफ/५.६ लाच चकती सहा पिक्सेल व्यापते. म्हणून खोक्यावर छापलेला मेगापिक्सेलचा आकडा रेखीवपणाची हमी देत नाही. एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/५.६ ते एफ/८ ही बहुतेक भिंगांची सुखाची जागा असते.

धूसर

घळीपलीकडच्या टेकडीवरून काढलेल्या फोटोत पायाजवळची झुडपे रेखीव येतात आणि लेणी निळसर-पांढऱ्या पडद्याआड गेलेली असतात. इथे कॅमेऱ्याचा काही दोष नाही. मधल्या हवेतले बाष्प, धूळ आणि धूर लेण्यांकडून येणारा थोडा प्रकाश बाजूला विखुरतात आणि त्याच वेळी सूर्याचा प्रकाश आपल्या दिशेने वळवतात. काळे करडे होते, पांढरे मळकट होते, आणि दोहोंतला फरक घटला की कडा मऊ वाटतात. पावसाची सर येऊन गेल्यावर हवा धुतली जाते. तेव्हा हाच देखावा हाताच्या अंतरावर आल्यासारखा दिसतो.

दुसरी अडचण तापलेल्या कड्याची. उन्हात बेसॉल्टलगतची हवा गरम होऊन वर चढते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश थोडा वेगवेगळा वळतो, त्यामुळे दूरच्या रेषा पाण्यात पाहिल्यासारख्या लपलपतात. डांबरी रस्त्यावर उन्हाळ्यात दिसते तेच हे. मोठ्या झूमने हा दोषही तितकाच मोठा होतो. त्यावर भिंग बदलणे हा उपाय नाही. सकाळी लवकर जाणे हा आहे.

हवेचा तिसरा खेळ कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी चालतो. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून उतरून कॅमेरा लगेच बाहेर काढला, की थंड काचेवर दमट हवेतले बाष्प जमते. कॅमेरा पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेशी सरावू द्यावा. बोटाचा ठसा किंवा स्वस्त, मळका फिल्टरही असेच करतो. त्याची खूण अशी, की दिव्यांभोवती आणि दारातल्या उजेडाभोवती दुधाळ वलय पसरते.

पुसट

आतापर्यंतचे दोष प्रतिमा सेन्सरवर पोचण्यापूर्वीचे होते. चौथा दोष त्यानंतरचा, आणि तो थेट यंत्राच्या रचनेतला आहे. सेन्सरला मुळात रंग कळत नाहीत, फक्त उजेड किती ते कळते. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवतात. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. तिचे पेटंट १९७६ चे. यात निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. म्हणजे प्रत्येक पिक्सेल तीनपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरतो. बहुतेक रंगीत डिजिटल फोटोंत असा अंदाज मिसळलेला असतो.

बारीक विणीची साडी किंवा दगडी जाळी समोर आली, की हा अंदाज फसतो आणि नसलेले रंगीत पट्टे उमटतात. ते टाळण्यासाठी अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे एक पातळ थर बसवलेला असतो, जो प्रतिमा मुद्दामच किंचित मऊ करतो. मागून ‘शार्पनिंग’ करून ती कसर भरून काढायची, अशी त्यामागची योजना. अलीकडच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत हा थर काढून टाकला आहे.

खरे पुसणे मात्र अंधारात होते. आयएसओ वाढवल्याने उजेड वाढत नाही. तुटपुंजा संकेत फक्त मोठा केला जातो, आणि त्याच्यासोबत खरखरही मोठी होते. ही खरखर लपवण्यासाठी कॅमेऱ्यातली प्रणाली शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढते. तिला दाणे म्हणजे खरखर एवढेच ठाऊक. ते गिलाव्याचे खरे दाणे आहेत की सेन्सरचे खोटे, हे तिला सांगता येत नाही. मग बाह्यरेषा जागच्या जागी राहतात, पण त्यांच्यामधला पोत मेणासारखा गुळगुळीत होतो. अजिंठ्याच्या चित्रात तर तो पोत, त्या भेगा आणि उडालेले पापुद्रे, हाच इतिहास आहे.

त्यानंतर फोटो जेपीईजी स्वरूपात आवळला जातो आणि उरलासुरला बारीक तपशील गळतो. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की आकार आणखी घटतो. नातेवाइकांच्या गटातून परत मिळालेल्या फोटोवरून कॅमेऱ्याची पारख करणे म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून हस्ताक्षर जोखणे. कॅमेऱ्यात ‘रॉ’ स्वरूप असेल, तर अंधाऱ्या जागी ते वापरावे. त्यात खरखर राहते, पण किती पुसायचे ते आपण ठरवू शकतो.

परत मिळालेले आणि रचलेले

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कोणत्या टप्प्यावरचे नुकसान भरून निघते? ‘रॉ’ फोटो जपला असेल, तर पुसट झालेले बरेचसे परत येते, कारण पुसण्याआधीची नोंद हाती असते. हवेने घटलेला फरक संगणकावर काही प्रमाणात वाढवता येतो. विवर्तनाची मऊ छटाही थोडी आवरता येते, कारण तिचे गणित माहीत असते. हबल दुर्बिणीचे उदाहरण इथे बोलके आहे. १९९० मध्ये अवकाशात गेल्यावर तिचा मुख्य आरसा चुकीच्या आकाराचा घासला गेल्याचे उघड झाले. तो दोष नेमका मोजता आला, म्हणून १९९३ च्या अखेरीस दुरुस्ती होईपर्यंत खगोलशास्त्रज्ञ धूसर प्रतिमांतून गणिताने पुष्कळ काही काढू शकले. हाताचे हलणे आणि चुकलेला फोकस यांचा असा नेमका हिशेब क्वचितच हाती असतो. तिथे जो तपशील सेन्सरवर उमटलाच नाही, तो कोणत्याही पेटीत शिल्लक नसतो.

तरीही आज एक बटण दाबले, की हललेला चेहरा रेखीव होतो, पापण्या उमटतात, केस वेगवेगळे दिसतात. साधे ‘शार्पनिंग’ फक्त कडेच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद करते. ते अतिशयोक्ती करते, पण नवे काही लिहीत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने वेगळे काम करतात. इतर असंख्य फोटोंवरून शिकून, इथे काय असायला हवे होते ते ती रचतात. घरातल्या वाढदिवसाच्या फोटोत त्याने फारसे बिघडत नाही. पद्मपाणीच्या पापणीवर मात्र अशी रेघ उमटली, तर ती अजिंठ्याच्या चित्रकाराची नसते.

याचे मोल कळायला अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास आठवावा. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही लेणी पाहिल्यानंतर त्यांची कीर्ती बाहेरच्या जगात पसरली. १८४० च्या दशकात रॉबर्ट गिल यांनी चित्रांच्या नकला रंगवायला घेतल्या आणि त्यात कित्येक वर्षे घालवली. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा कामाला लागले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठ्याचा छायाचित्रांसह ग्रंथ काढला. दरम्यान मूळ चित्रेही बदलत होती. १९२० च्या दशकात इटालियन तज्ज्ञांकरवी त्यांच्यावर संरक्षणासाठी दिलेले रोगण पुढे पिवळे पडून काळवंडले. चित्र टिकावे, उठून दिसावे म्हणून केलेल्या उपचारानेच ते झाकोळले.

अशा जागेचा प्रत्येक प्रामाणिक फोटो, हौशी प्रवाशाचा असला तरी, त्या दिवशी भिंत कशी होती याची नोंद असते. उद्या एखादा पापुद्रा गळाला, तर तो कधीपर्यंत जागेवर होता हे अशा नोंदीवरूनच कळेल. त्या कामी खरखरीत पण खरा फोटो उपयोगी पडतो. गुळगुळीत आणि रचलेला फोटो दिशाभूल करतो. म्हणून लेण्यात आयएसओ वाढवायला कचरू नये. दाणे दिसले तर दिसू द्यावेत, हात तेवढा हलू देऊ नये. आणि संगणकावर फोटो सुधारायला घेताना मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.